आलेला गहू आणि राहून गेलेली योजना

दुसऱ्या महायुद्धानंतर श्रीमंत राष्ट्रांनी नवस्वतंत्र राष्ट्रांना केलेल्या आर्थिक मदतीचा इतिहास बहुधा करार, रकमा आणि मुत्सद्दी यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. मदत म्हणून आलेली वस्तू देशात उतरल्यावर कोणाच्या हाती गेली, कोणत्या भावाने गेली आणि तिच्या बळावर देशात कोणते काम उभे राहिले, हे प्रश्न त्या लेखनात मागे पडतात. भारतापुरते हे प्रश्न विचारायचे तर ‘पी. एल. ४८०’ या नावाने ओळखल्या गेलेल्या अमेरिकी अन्नसाहाय्याकडे वळावे लागते, कारण १९५६ ते १९७१ या दीड दशकात या एका कायद्याखाली जेवढे धान्य भारतीय बंदरांत उतरले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही मदतीतून कधी आले नाही. या मदतीच्या प्रारंभीच तिच्या उपयोगाची एक वेगळी, अधिक न्याय्य रीत अर्थशास्त्रज्ञांनी मांडून ठेवली होती, तिची चर्चा पुण्यातही झाली होती आणि तरीही ती रीत बाजूला पडली. तिचे बाजूला पडणे आणि पुढे महाराष्ट्रात तिने निराळ्या वाटेने परत येणे, या दोन गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय या मदतीचे मोल ठरवता येत नाही.

अमेरिकी धान्य मागण्याचा स्वतंत्र भारताला आलेला पहिला मोठा अनुभव सुखाचा नव्हता. अध्यक्ष ट्रूमन यांनी जानेवारी १९४९ च्या आपल्या भाषणातील चौथ्या कलमात अविकसित देशांना तांत्रिक साहाय्य देण्याची घोषणा केली होती आणि १९५० च्या आरंभी राष्ट्रकुलाच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीतून कोलंबो योजना आकाराला येत होती. त्यामुळे मदतीची भाषा सर्वांच्या तोंडी होती. मात्र १९५० च्या अखेरीस वॉशिंग्टनमधील भारताच्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी २० लाख टन धान्याची मागणी केली, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये तिच्यावर सुमारे सहा महिने वाद झाला. भारताच्या परराष्ट्रधोरणाबद्दलची नाराजी त्यात उघड झाली आणि अणुऊर्जेच्या दृष्टीने महत्त्वाच्या मोनाझाइट वाळूच्या निर्यातीवर भारताने घातलेली बंदीही चर्चेत ओढली गेली. अखेर जून १९५१ मध्ये कायदा झाला तो देणगीचा नसून १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा होता. भुकेच्या वेळी मागितलेल्या धान्यावर महिनोन्‌महिने वाद घालणाऱ्याचे उपकार मनापासून मानले जात नाहीत, हे त्या वेळी दोन्ही राजधान्यांत पुरेसे कोणी ओळखले नाही.

पुढच्या तीन वर्षांत अमेरिकेची स्थिती पालटली. तिथल्या शेतकऱ्यांना कायद्याने हमीभाव मिळत असे आणि बाजारभाव त्याखाली गेला की शेतमाल सरकारच्या ‘कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’ या महामंडळाकडे जमा होई. कोरियन युद्ध संपल्यावर परदेशी मागणी घटली, उत्पादन मात्र वाढत राहिले आणि गव्हाचे साठे इतके वाढले की ते राखण्याचा खर्च हीच एक राजकीय अडचण होऊन बसली. धान्य नष्ट करणे लोकांना मानवणारे नव्हते आणि जागतिक बाजारात ओतावे तर कॅनडा, ऑस्ट्रेलियासारखे निर्यातदार मित्रदेश दुखावले जाणार होते. या पेचातून १० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सहीने ‘कृषी व्यापार विकास व साहाय्य अधिनियम’ झाला. अमेरिकी कायद्यांच्या क्रमवारीत तो ८३ व्या काँग्रेसचा ४८० वा सार्वजनिक कायदा असल्याने ‘पब्लिक लॉ ४८०’ हे त्याचे नाव रूढ झाले. त्याच्या पहिल्या विभागानुसार धान्य घेणाऱ्या देशाने किंमत डॉलरऐवजी आपल्याच चलनात द्यायची होती. दुसऱ्या विभागात दुष्काळादी आपत्तींसाठी थेट देणगीची तरतूद होती, तर तिसऱ्यात ‘केअर’सारख्या स्वयंसेवी संस्थांमार्फत वाटप आणि वस्तुविनिमय यांची. भारताशी मुख्य संबंध आला तो पहिल्या विभागाचा.

हा कायदा नवा असतानाच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने मॉर्डेकाय इझिकिएल या अर्थशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने भारतात एक पथदर्शी अभ्यास करवला आणि तो १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. अतिरिक्त शेतमालाच्या आधाराने अविकसित देशांत विकासाची कामे कशी उभारता येतील, हा त्याचा विषय होता. त्यातील युक्तिवाद साधा असला तरी विचार करायला लावणारा आहे. खेड्यातील बेकार माणसाला रस्ता, बंधारा किंवा कालव्याच्या कामावर लावले तर त्याच्या हाती आलेल्या मजुरीचा मोठा भाग तो धान्यावर खर्च करणार. बाजारात तेवढे जादा धान्य नसेल तर भाव चढतील आणि गरिबाला मिळालेली मजुरी महागाईत विरून जाईल. परंतु हे जादा धान्य परदेशातील अतिरिक्त साठ्यातून आले, तर भाव न चढता काम होईल, मजुराचे पोट भरेल आणि देशी शेतकऱ्याच्या धान्याची मागणीही कमी होणार नाही, कारण आलेले धान्य पूर्वी अर्धपोटी असलेल्या माणसाच्या वाढीव खाण्यात जिरेल. अशा कामांच्या खर्चापैकी साधारण निम्माच भाग धान्यातून भागेल आणि उरलेला अन्य मार्गाने उभारावा लागेल, हेही त्या अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदवले होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर याच प्रश्नावर काम करत होते आणि आर्थिक विकासासाठी अतिरिक्त अन्नसाठ्यांचा वापर या विषयावरील त्यांचे पुस्तक संस्थेने १९५६ मध्ये प्रकाशित केले. परदेशातून येणाऱ्या धान्याचे काय करावे, या प्रश्नाचा विचार भारतात पहिला करार होण्याच्या सुमारास पुरेशा गांभीर्याने झालेला होता, हे यावरून स्पष्ट होते.

तो पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी झाला. त्यात गहू, तांदूळ, कापूस आणि इतर माल मिळून सुमारे ३६ कोटी डॉलरचा पुरवठा ठरला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांवर भर दिलेला होता, परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटत होती आणि १९५७ मध्ये अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य चौकशी समितीनेही काही वर्षे धान्य आयात करत राहावे लागेल असे स्पष्ट म्हटले होते. अशा वेळी डॉलर न मोजता मिळणारा गहू हा नियोजनकारांना मोठाच दिलासा वाटला. ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर आणि भारताचे अन्नमंत्री, मुंबईच्या राजकारणातील बलाढ्य नेते स. का. पाटील यांनी ज्या करारावर सह्या केल्या, तो या कायद्याखालील तोवरचा सर्वांत मोठा करार होता: चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. यांपैकी ४० लाख टन गहू व सर्व तांदूळ राखीव साठ्यासाठी होता. पाटील यांना या करारावरून पुष्कळ टीका सोसावी लागली, पण अन्नमंत्री म्हणून त्यांच्यापुढे असलेली अडचण खरी होती, हे मान्य केले पाहिजे. हाती साठा नसलेल्या सरकारला व्यापाऱ्यांच्या साठेबाजीपुढे काहीच करता येत नाही.

दोष होता तो आलेल्या धान्याच्या वाटेत. गहू मुंबई, कोलकाता यांसारख्या बंदरांत उतरे आणि मुख्यतः मोठ्या शहरांतील स्वस्त धान्य दुकानांतून विकला जाई. शहरांना आयात गव्हावर पोसायचे आणि देशातील धान्याच्या राज्याराज्यांतील वाहतुकीवर विभागीय बंधने घालून भाव आवरायचे, असे धोरण १९५७ पासून वेगवेगळ्या रूपांत चालू राहिले. गिरणी कामगाराला आणि कारकुनाला परवडणारा गहू मिळाला, हे त्याचे श्रेय. उद्योगांची मजुरी त्यामुळे आटोक्यात राहिली. परंतु इझिकिएल यांच्या अभ्यासातील मजूर, म्हणजे ज्याच्या हाती काम नाही म्हणून ज्याच्याकडे धान्य विकत घेण्याची ऐपतच नाही तो खेड्यातला माणूस, या रचनेत कोठेच नव्हता. जे धान्य नव्या रोजगाराला जोडले जात नाही, ते जुन्याच मागणीत भाग मागते आणि देशी शेतकऱ्याच्या भावावर दडपण आणते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. अतिरिक्त धान्याचे अमेरिकेला स्वतःला फारसे मोल नव्हते आणि घेणाऱ्या देशाच्या शेतीवर त्याचा अनिष्ट परिणाम होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा परिणाम नेमका किती झाला याबद्दल पुढे बराच वाद झाला. तरीही स्वस्त आयातीच्या भरवशावर शेतीतील गुंतवणुकीचा प्रश्न काही वर्षे पुढे ढकलला गेला, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

या मदतीचे सर्वांत चुकीचे समजले गेलेले अंग म्हणजे तिचा रुपयांतील हिशेब. भारत सरकार गव्हाची किंमत रुपयांत अमेरिकेच्या खात्यावर जमा करी. हे रुपये डॉलरमध्ये बदलता येत नसत. त्यांतील बहुतांश भाग अमेरिका भारत सरकारलाच विकासकामांसाठी कर्ज किंवा अनुदान म्हणून परत देई, काही भाग १९५७ च्या कूली दुरुस्तीनुसार अमेरिकी संबंध असलेल्या खासगी उद्योगांना कर्जाऊ मिळे आणि उरलेला अमेरिकी दूतावासाच्या व इतर खर्चासाठी राखला जाई. वरकरणी पाहता देशाला दोनदा लाभ झाल्यासारखे दिसे: आधी गहू, मग त्याच्याच किमतीतून विकासनिधी. वस्तुतः देशाबाहेरून आलेली खरी संपत्ती म्हणजे गहू, आणि तो एकदाच खाल्ला गेला. ग्राहकाने दुकानात दिलेले रुपये चलनातून बाहेर गेले, तेच पुन्हा खर्च झाले की चलनात परतले. त्यामागे नवा माल नसल्याने पुढच्या काळात त्यांचा खर्च म्हणजे नव्या नोटा छापण्यासारखाच होता. तरीही मलेरिया निर्मूलनापासून वीजप्रकल्पांपर्यंत अनेक कामे ‘पी. एल. ४८० च्या पैशातून’ झाल्याची नोंद होत गेली, कर्जावर व्याज चढत गेले आणि साठच्या दशकाअखेरीस परकीय सरकारच्या नावावरील रुपयांचा हा ढीग भारतात संशयाचा आणि अमेरिकेत अवघडलेपणाचा विषय झाला.

या रुपयांचा एक छोटा उपयोग मात्र मराठी वाचकाने कृतज्ञतेने लक्षात ठेवावा असा आहे. १९६२ पासून अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने दिल्लीत कार्यालय थाटून या खात्यातील रुपयांनी भारतीय भाषांतील पुस्तके व नियतकालिके विकत घेण्यास आणि सहभागी अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांना त्यांच्या प्रती पाठवण्यास सुरुवात केली. मराठी कादंबऱ्या, काव्यसंग्रह आणि नियतकालिके तिथल्या कपाटांत जाऊन बसली ती याच मार्गाने, आणि अमेरिकेतील मराठीच्या अभ्यासाला त्यामुळे जो आधार मिळाला तो धान्याच्या राजकारणाहून अधिक काळ टिकला.

१९६५ मध्ये पाऊस हुकला. १९६४-६५ मध्ये सुमारे ८.९ कोटी टन असलेले अन्नधान्याचे उत्पादन पुढच्या वर्षी सुमारे ७.२ कोटी टनांवर आले आणि १९६६ मध्ये भारताने १ कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले. त्या दोन वर्षांत अमेरिकी गव्हाच्या पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या भारताकडे येत होता. नेमक्या याच वेळी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून पुरवठा थोडाथोडा, काही आठवड्यांपुरता मंजूर करण्याचे धोरण अवलंबिले. बांधलेल्या जनावराचे दावे आखूड करावे तसे. भारताने शेतीवर अधिक खर्च करावा, हा त्यांचा एक हेतू होता. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतरचा दबाव आणि व्हिएतनामवरील बाँबहल्ल्यांविषयी भारताने व्यक्त केलेली नापसंती यांचाही त्यात भाग होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे अन्नमंत्री चि. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्विल फ्रीमन यांच्यात शेतीविषयक धोरणांचा एक गुप्त समझोता झाला. जून १९६६ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने जागतिक बँकेच्या व अमेरिकेच्या आग्रहाखाली रुपयाचे अवमूल्यन करून डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला. बिहारमध्ये दुष्काळ तीव्र होत असताना त्या वर्षाच्या उत्तरार्धात जहाजांची मंजुरी पुन्हा रोखून धरली गेली.

भारतातील हरितक्रांती ही जॉन्सन यांच्या दबावाचे फळ आहे, असे प्रतिपादन अमेरिकी लेखनात अधूनमधून आढळते. कालक्रम त्याला पुष्टी देत नाही. सुब्रमण्यम जून १९६४ मध्ये अन्न व कृषिमंत्री झाले. शेतमालाला किफायतशीर भाव देण्याचे तत्त्व स्वीकारून कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ या दोन्ही संस्था जानेवारी १९६५ मध्ये, म्हणजे दुष्काळाच्या आणि आखूड दाव्याच्या आधी, उभ्या राहिल्या होत्या. नॉर्मन बोरलॉग १९६३ मध्येच भारतात येऊन गेले होते आणि एम. एस. स्वामीनाथन व त्यांचे सहकारी बुटक्या मेक्सिकन गव्हाच्या चाचण्या घेत होते. रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने चाललेल्या कार्यक्रमातून सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण १९६४ मध्ये प्रसृत झाले होते आणि वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत महाराष्ट्राने ‘हायब्रीड’चा जो ध्यास घेतला त्याचे मूळ तिथे होते. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले गेले ते भारताने स्वतःच्या तुटपुंज्या परकीय चलनातून. १९६७-६८ मध्ये गव्हाचे पीक सुमारे १.६५ कोटी टनांवर गेले, तेव्हा त्यामागे संशोधनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य होते, भावाची हमी होती आणि पंजाब-हरियाणातील शेतकऱ्याचे कष्ट होते. दबावाने काय साधले असेल तर एवढेच, की परकीय धान्यावर विसंबण्याची लाज एका पिढीच्या राज्यकर्त्यांच्या मनात कायमची रुतून बसली. ज्ञान देणारी मदत आणि धान्य रोखून धरणारी मदत एकाच देशाकडून, एकाच वर्षी येत होती, आणि या दोहोंना एकाच मापाने मोजणे इतिहासाला धरून होणार नाही.

सवलतीची ही आयात १९७१ च्या अखेरीस बांगलादेश युद्धाच्या सुमारास संपली. रुपयांच्या साठ्याचा प्रश्न फेब्रुवारी १९७४ मध्ये सुटला. राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हवाली केला आणि उरलेली रक्कम अमेरिकेच्या भारतातील खर्चासाठी राहिली. लोकांच्या मनात मात्र या मदतीचे हिशेब निराळ्या रीतीने उरले. महाराष्ट्रात माळरानांवर पसरलेले गाजरगवत पी. एल. ४८० च्या गव्हातून आले असे आजही सर्रास सांगितले जाते, परंतु हे तण पुण्यात १९५५ मध्येच आढळल्याची नोंद आहे आणि या कायद्याखालील भारताचा पहिला करार त्यानंतरचा आहे. त्याआधी १९५१ च्या कर्जाचा अमेरिकी गहूही देशात आला होता, म्हणून आयात धान्याशी त्याचा संबंध अशक्य ठरत नाही. या विशिष्ट कायद्यावर त्याचा ठपका ठेवता येत नाही एवढेच. १९७२ च्या दुष्काळातील लालसर ‘मिलो’ ज्वारीचीही आठवण अशीच मदतीच्या खात्यावर मांडली जाते. वास्तविक तोवर सवलतीचा पुरवठा बंद झाला होता आणि १९७२-७३ मध्ये भारत अमेरिकेसह इतर देशांकडून धान्य रोखीने खरेदी करत होता. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने २० लाख टन गहू दिला, तो धान्याच्याच रूपाने परत करण्याच्या उसनवारीवर.

दरम्यान पुण्यात विचार थांबला नव्हता. नीळकंठ रथ आणि वि. स. पटवर्धन यांनी पी. एल. ४८० च्या भारतीय अर्थव्यवस्थेवरील परिणामांचा अभ्यास गोखले संस्थेतर्फे १९६७ मध्ये प्रसिद्ध केला आणि तेच रथ दांडेकरांसमवेत १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील गाजलेल्या ग्रंथाचे सहलेखक झाले. ज्याला काम हवे त्याला ग्रामीण विकासाच्या कामांवर ते मिळवून द्यावे, ही त्या ग्रंथातील मुख्य शिफारस होती. पंधरा वर्षांपूर्वीच्या अतिरिक्त धान्याच्या चर्चेशी तिचे नाते उघड आहे: तेव्हा धान्य होते आणि काम उभारण्याची इच्छा नव्हती, आता काम हा प्रारंभबिंदू झाला. महाराष्ट्रात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तासगाव तालुक्यातील प्रयोगापासून स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजनेचा आरंभ झाला होता. लगेच आलेल्या दुष्काळाने तिची कल्पना फार मोठ्या प्रमाणावर पारखली. मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर, पाझर तलावांवर, रस्त्यांवर आणि खडी फोडण्यावर, जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. धान्याचा तुटवडा तीव्र असूनही भूकबळींचे प्रमाण पूर्वीच्या दुष्काळांच्या मानाने फार कमी राहिले, याचे मुख्य कारण मजुरी हे होते. हाती पैसा असलेल्या मजुराकडे धान्य बाजारातून येत गेले.

१९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला, म्हणजे शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांच्याकडून या योजनेसाठी पैसा उभा केला आणि जमा होईल तेवढीच भर सरकारी तिजोरीतून घातली. एका अर्थाने पी. एल. ४८० ची दिशा येथे उलटली: साठच्या दशकात परदेशी गव्हाने शहराचे पोट स्वस्तात भरले होते, आता शहर खेड्यातील मजुराच्या कामाचा खर्च उचलत होते. कामाचा हक्क देणारा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देण्याची तरतूद त्यात होती. त्याच १९७७ मध्ये केंद्र सरकारने ‘कामासाठी धान्य’ हा कार्यक्रम सुरू केला आणि राज्यांना ग्रामीण कामांवरील मजुरीचा काही भाग धान्याच्या रूपाने देण्यासाठी साठे पुरवले. इझिकिएल आणि दांडेकर यांनी दोन दशकांपूर्वी मांडलेली रीत देशाने अशा प्रकारे सरकारी पातळीवर हाती घेतली, तेव्हा वाटपासाठी आलेला गहू भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतला, देशी शेतकऱ्याने पिकवलेला होता.